वानलेसवाडीचे डॉक्टर वानलेस

आपल्या मंडळाची स्मरणिका निघणार, तीत प्रत्येकीने काही ना काही लिहावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिण्याचा सराव म्हणजे वाण्याची यादी आणि दुधाचा हिशेब. फार तर एखाद्या पदार्थाची कृती लिहून द्यावी असे मनात होते. परंतु विश्रामबागेहून मिरजेकडे जाताना वानलेसवाडीची पाटी रोज डोळ्यांसमोरून जाते. मी लग्न होऊन या भागात आले त्याला वीस वर्षे होऊन गेली. इतक्या वर्षांत हे वानलेस कोण, हे मी कधी विचारले नव्हते. गेल्या वर्षी एका कारणाने त्यांची माहिती काढावीशी वाटली. ते कारण पुढे सांगेनच. वाचनालयातून आणलेली पुस्तके वाचून आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारून जे कळले, ते माझ्या अल्पमतीप्रमाणे येथे मांडीत आहे. चुकले-माकले भगिनींनी सांभाळून घ्यावे.

विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म 1865 साली कॅनडा देशातील ऑन्टारिओ प्रांतात झाला. याच 1865 साली आपल्याकडे आनंदीबाई जोशी जन्मल्या. हा योगायोग मला फार लागून राहिला, म्हणून आधी त्यांच्याविषयी दोन शब्द सांगते. आनंदीबाई अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे जाऊन 1886 साली डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. बायका पुरुष डॉक्टरला अंग दाखवीत नाहीत आणि म्हणून दुखणी अंगावर काढून मरतात, हे त्यांनी ओळखले होते. त्यासाठीच त्या सातासमुद्रापार गेल्या. पण परत आल्या त्या क्षयाने पोखरलेल्या. कोल्हापूरच्या कामावर रुजू होण्याआधीच, 1887 च्या फेब्रुवारीत, पुण्यास त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. बायकांच्या दुखण्यासाठी निघालेली बाई त्याच दुखण्याने गेली. त्यांच्या मागे दोन वर्षांनी, 1889 साली, त्यांच्याच वयाचा एक परदेशी डॉक्टर आपल्या सांगलीत येऊन राहिला. तेच हे वानलेस.

वानलेस यांनी न्यूयॉर्क येथे वैद्यकीचे शिक्षण घेतले. 1889 साली त्यांची परीक्षा झाली, त्याच वर्षी लग्न झाले आणि त्याच वर्षी पत्नी मेरी हिला घेऊन ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे हिंदुस्थानात आले. ते मिशनरी होते. आपला धर्म सांगावा हाही त्यांच्या येण्याचा एक हेतू होता. हे लपवून त्यांचे चरित्र सांगणे बरे नव्हे. पुष्कळांना त्यांचा धर्मप्रचार आवडत नसे आणि त्यात काही नवल नाही. परंतु रोग्याच्या अंथरुणाशी बसून त्यांनी जे केले, ते धर्म न विचारता केले, म्हणून आजही त्यांचे नाव सांगली-मिरजेत आदराने घेतात.

सांगली त्या वेळी पटवर्धनांचे संस्थान होते. वैद्य होते, हकीम होते, हाडे बसविणारे होते, सुईणी होत्या. पण पोट उघडून शस्त्रक्रिया करणे ही गोष्ट आसपासच्या मुलखात कोणी पाहिली नव्हती. वानलेस यांनी सांगलीत लहानसा दवाखाना काढला. आपण त्या काळच्या घरांत डोकावून पाहिले तर त्यांच्यापुढची अडचण ध्यानात येते. परक्या धर्माच्या माणसाच्या हातचे पाणी चालत नसे, आणि औषधात तर पाणी असायचेच. घरातील पुरुषमाणूस कसाबसा दवाखान्यात जाई. बाईला नेण्याची वेळ अगदी शेवटी येई, आणि कित्येकदा येतच नसे.

दोन-तीन वर्षांनी त्यांनी आपले बस्तान मिरजेस हलविले. मिरज रेल्वेचे जंक्शन. पुण्याकडून, कोल्हापुराकडून, बेळगावाकडून गाड्या येत. आजारी माणसाला घेऊन येण्याची सोय झाली. अमेरिकेतील दानशूर लोकांनी पैसे पाठविले, मिरजेच्या संस्थानिकांचे सहकार्य मिळाले आणि 1894 साली मिरजेचे मिशन हॉस्पिटल उभे राहिले. पुढे तेच वानलेस हॉस्पिटल म्हणून प्रसिद्धीस आले. 1897 साली त्यांनी तेथे वैद्यकीचे वर्ग सुरू केले. आपल्याच भागातील तरुणांना शिकवून तयार केले, कारण एकटा माणूस किती रोग्यांना पुरा पडणार! पुढे परिचारिकांचेही शिक्षण तेथे होऊ लागले. मिरज हे आज डॉक्टरांचे गाव म्हणून ओळखले जाते. लांबलांबून, कर्नाटकातूनदेखील रोगी येतात. त्याचा पाया हा असा घातला गेला.

डॉक्टरांचा हात शस्त्रक्रियेत विलक्षण चालत असे. मोतीबिंदूच्या तर त्यांनी हजारो शस्त्रक्रिया केल्या. मोतीबिंदूची गंमत अशी की, आंधळा म्हणून हाताला धरून आणलेला माणूस काही दिवसांनी आपल्या पायांनी घरी जातो. सारा गाव ते पाहतो. त्या एका माणसामागून गावातील दहा माणसे येतात. मुतखडा निघाला, गाठ निघाली, तरी तसेच. डॉक्टरांची कीर्ती अशा शस्त्रक्रियांनी दूरवर पसरली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचाही त्यांच्याशी स्नेह जडला.

आता मला जे सांगावयाचे आहे ते येथून पुढे आहे. अशी कीर्ती मिळाल्यावर माणूस त्याच वाटेने जाईल. लवकर बरे होणारे रोगी घ्यावेत, नाव मिळवावे, देणगीदारांना बरे झालेल्यांची संख्या कळवावी, यात वावगे काही नव्हते. पण काही रोग असे असतात की त्यांत चमत्कार नसतो. ते वर्षानुवर्षे चालतात. रोगी उठून नाचत नाही, फार तर खोकला थोडा कमी होतो. अशा रोगाला पैसा द्यावयास कोणी पुढे येत नाही. डॉक्टरही त्यांत रमत नाहीत. आणि घरचे लोक तर तो रोग आपल्या घरात आहे हेच कबूल करीत नाहीत. वानलेस यांनी अशा दोन रोगांना हात घातला. एक कुष्ठरोग, ज्याला पूर्वी महारोग म्हणत, आणि दुसरा क्षय.

कुष्ठरोगाचे आधी सांगते. हा रोग जंतूंमुळे होतो हे नॉर्वे देशातील हॅन्सेन या डॉक्टरांनी 1873 सालीच शोधून काढले होते. तरी आपल्याकडे तो मागच्या जन्मीच्या पापाचे फळ मानला जाई. पाप म्हटले की औषधाचा प्रश्नच मिटला. रोग्याला गावाबाहेर काढीत. कायदाही त्याच्या बाजूचा नव्हता. सरकारने 1898 साली केलेल्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्याला धरून कोंडून ठेवता येत असे. अशा काळात, 1900 सालाच्या सुमारास, मिरजेस कुष्ठरोग्यांसाठी आश्रम सुरू झाला. त्यांना बरे करील असे औषध तेव्हा जगात कोठेच नव्हते. मग डॉक्टरांनी त्यांना काय दिले? निवारा, जेवण, जखमा धुऊन बांधणे आणि माणसाने माणसाशी बोलावे तसे बोलणे. बरे करता येत नाही म्हणून टाकून द्यावे, हे त्यांना पटले नाही. माझ्या मते त्यांच्या साऱ्या शस्त्रक्रियांपेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

1906 साली डॉक्टरांच्या पत्नी मेरीबाई वारल्या. सतरा वर्षे त्यांनी या परक्या मुलखात संसार केला. कोल्हापूरचे मेरी वानलेस हॉस्पिटल त्यांच्याच नावाचे आहे. आपल्यापैकी कित्येकींची बाळंतपणे तेथे झाली असतील, पण मेरी कोण हे आपण विचारले नसेल, जसे मी वानलेस कोण हे विचारले नव्हते. पुढे डॉक्टरांनी दुसरा विवाह केला आणि काम चालूच ठेवले.

आता क्षयाचे. क्षयाचा जंतू जर्मनीतील कॉख यांनी 1882 साली दाखवून दिला. तो माणसाच्या खोकल्यातून हवेत जातो आणि तीच हवा आत घेणाऱ्याला रोग जडतो. म्हणजे पाप-पुण्याचा किंवा घराण्याच्या रक्ताचा त्यात काही संबंध नाही. तरीही क्षय हा घराण्याचा रोग, ही समजूत गेली नाही. एका घरात एकामागून एक माणसे खोकून मरतात, मग लोकांना वाटते की हे त्या घराण्यातच आहे. खरे पाहता ती सारी एकाच अंधाऱ्या खोलीत, खिडक्या लावून, एकाच अंथरुणाशेजारी निजत असत, म्हणून रोग एकाचा दुसऱ्याला होई. पण घराण्यातच आहे असे एकदा म्हटले की त्या घरात मुलगी द्यावयाची नाही व त्या घरची मुलगी करावयाची नाही, हे ओघाने आलेच. आणि मग रोग लपविणे हेच घरच्यांचे पहिले काम होऊन बसते.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. पुरुष खंगू लागला तर दुकान बंद पडे, शेत पडीक राही, म्हणून लौकर कळे. बाई खंगली तर बाळंतपणाचा अशक्तपणा, उपासतापास फार करते, अंगच तसले बारीक, अशी कारणे आयतीच तयार असत. ती चुलीच्या धुरात खोकली तर ते धुराचेच मानले जाई. आणि तिने महिनोन् महिने अंथरुणावर पडून राहावयाचे म्हटले तर घरचा स्वयंपाक कोणी करावयाचा? म्हणून तिला कोणी दवाखान्यात नेत नसे, आणि तीही जात नसे. शेवटी फारच झाले की माहेरी पाठवीत. माहेरी जाऊन मरणाऱ्या अशा किती बायका होऊन गेल्या असतील, त्यांची नोंद कोठे असणार?

क्षयावर त्या काळी औषध नव्हते. शुद्ध मोकळी हवा, ऊन, दूध-अंडी असा सकस आहार आणि पुरी विश्रांती, एवढाच उपाय होता. यासाठी गर्दीच्या शहरापासून दूर, कोरड्या हवेची जागा लागे. सांगली आणि मिरज यांच्या मध्ये असा उंच मोकळा माळ होता. 1919 साली याच बाजूला विलिंग्डन कॉलेज सुरू झाले आणि जवळच, 1920 च्या सुमारास, डॉक्टर वानलेस यांच्या खटपटीने क्षयाचे आरोग्यधाम उभे राहिले. त्याच्याभोवती वस्ती झाली ती वानलेसवाडी. आज जेथे आपले बंगले, दुकाने आणि मंगल कार्यालये आहेत, तेथे एके काळी क्षयाचे रोगी खाटा टाकून वारा घेत पडलेले असत. म्हणजे ज्या हवेची आपण विश्रामबागेत राहतो म्हणून प्रौढी सांगतो, ती हवा प्रथम त्यांच्यासाठी निवडलेली होती.

आरोग्यधाम निघाले म्हणून लोक धावत आले, असे मात्र घडले नाही. तेथे जाणे म्हणजे आपल्या घरात क्षय आहे हे जाहीर करणे. आमच्या सासूबाईंनी सांगितलेली एक हकिगत येथे देते. त्यांच्या चुलत सासूबाईंना पन्नास-पंचावन्न सालाच्या सुमारास वानलेसवाडीस ठेवले होते. तोपर्यंत स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शने आली होती, म्हणून त्या वाचल्या. पण त्या तेथे असेपर्यंत शेजारीपाजारी त्या यात्रेला गेल्या आहेत असे सांगितले होते. आठ-नऊ महिन्यांनी त्या बऱ्या होऊन आल्या. पुढे तीस वर्षे जगल्या, दोन सुनांची बाळंतपणे काढली. परंतु त्यांचा तांब्या आणि त्यांचे ताट अखेरपर्यंत निराळे होते. डॉक्टरांनी त्यांना बरे केले होते, घराने मात्र तीस वर्षांत कधी बरे झाल्या असे मानले नाही. सासूबाई हे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज खाली जातो. तो तांब्या मांडणीवर वेगळा ठेवण्याचे काम नवी सून म्हणून त्यांच्याकडेच होते.

डॉक्टर वानलेस यांनी जवळजवळ चाळीस वर्षे आपल्या भागात काढली. 1928 साली सरकारने त्यांना सर हा किताब दिला. त्याच वर्षी ते सेवानिवृत्त होऊन अमेरिकेस गेले. मिरजेचे काम त्यांचे सहकारी डॉ. व्हेल आणि इतर मंडळींनी पुढे चालविले. 1933 च्या मार्च महिन्यात कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल या गावी डॉक्टर वानलेस यांचा अंत झाला. त्यांच्यामागे मिरजेत वैद्यकीची परंपरा राहिली. 1962 साली मिरजेस वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेही याच वातावरणात.

त्यांच्यानंतर जे बदलले तेही सांगितले पाहिजे. क्षयावर एकामागून एक औषधे निघाली. आज साध्या क्षयाचा रोगी सहा महिने नेमाने गोळ्या घेतल्या की बरा होतो. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या फुकट मिळतात. 2018 पासून रोग्याला सकस आहारासाठी सरकारकडून दरमहा 500 रुपये मिळू लागले आणि 2024 च्या नोव्हेंबरपासून ते 1000 झाले. डॉक्टर वानलेस दूध-अंडी देत होते, तेच हे. कुष्ठरोगावरही 1982 नंतर अनेक औषधांचा एकत्र उपचार आला. सहा महिने किंवा वर्षभर तो घेतला की रोग जातो. वेळेवर घेतला तर हातापायांची बोटेही वाचतात. मात्र कायदा औषधापेक्षा फार सावकाश चालला. 1898 चा तो कोंडून ठेवण्याचा कायदा 2016 साली रद्द झाला. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे, या कारणावरून घटस्फोट घेता येत असे, ते कलम 2019 साली निघाले. म्हणजे रोग बरा होऊ लागल्यावर पस्तीस-सदतीस वर्षे कायदा तो बरा होत नाही असेच समजत होता. जेथे कायद्याला इतका वेळ लागला, तेथे आपल्या मनाला किती लागेल?

आता मी हे चरित्र का शोधू लागले ते सांगते. गेल्या वर्षी मी सहा-सात महिने मंडळात आले नाही. गावी सासूबाईंची तब्येत बरी नाही, असे मी सर्वांना सांगितले होते. ते खोटे होते. सासूबाई ठणठणीत होत्या. मला गळ्याच्या गाठींचा क्षय झाला होता.

कानाखाली एक गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून मी तिकडे पाहिले नाही. मग दुसरी आली. संध्याकाळी अंग कोमट लागे, वजन उतरले. हळदीकुंकवाला मी पदर गळ्याभोवती घेऊन बसत असे, हे कोणाच्या ध्यानात आले असेल. प्रथम ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी चाळिशीनंतर असे व्हायचेच म्हणून शक्तीच्या गोळ्या दिल्या. मीही तेवढ्यावर खूश झाले, कारण मला तेच ऐकावयाचे होते. आमच्या मुलीचे लग्न ठरविण्याची खटपट चालू होती. पत्रिका चार ठिकाणी गेल्या होत्या. घरात क्षय आहे असे एकदा कळले की काय होईल, ते मी सासूबाईंच्या तोंडून ऐकून चुकले होते. असे आठ महिने गेले. शेवटी मुलीनेच हट्ट करून मोठ्या दवाखान्यात नेले. सुईने गाठीतील पाणी काढून तपासले आणि निदान झाले. गाठींचा क्षय दुसऱ्याला लागत नाही, तो छातीचा नव्हे, हे तेथील बाईंनी मला तीनदा समजावून सांगितले. तरीही मी घरी येऊन पहिली गोष्ट कोणती केली असेल? माझी कपबशी वेगळी काढून ठेवली. मला कोणी सांगितले नव्हते. चुलत सासूबाईंचा तो तांब्या माझ्या मनात होता.

ती कपबशी सासूबाईंनी पाहिली. त्या काही बोलल्या नाहीत. ती उचलून सगळ्या कपांत मिसळली आणि त्यांतल्याच एका कपातून चहा प्यायल्या. ज्या हातांनी त्यांनी एके काळी तो तांब्या वेगळा ठेवला होता, त्याच हातांनी हे केले.

सहा महिने गोळ्या घेतल्या. गाठी जिरल्या. आता मी पुरी बरी आहे. पण आठ महिने मी जे अंगावर काढले, ते औषध नव्हते म्हणून नव्हे. दवाखाना घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर होता, गोळ्या फुकट होत्या. वानलेस यांच्या काळी बाईला क्षयावर औषध मिळत नव्हते, कारण ते जगातच नव्हते. माझ्या काळी ते दारात होते आणि मी दार लावून बसले होते. शंभर वर्षांत औषध कोठल्या कोठे गेले, आणि भीती मात्र त्याच माळावर राहिली.

हे छापावयास द्यावे की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. मुलीचे लग्न अजून व्हावयाचे आहे. आमच्या ह्यांना विचारले, ते गप्प राहिले. मुलीला विचारले तेव्हा तिने लिहावयास सांगितले. ज्या घराला आपल्या आईचा बरा झालेला रोग चालत नाही, त्या घरात आपल्याला जावयाचेच नाही, असे तिचे म्हणणे. मला तिच्याएवढा धीर नाही. पण तिच्या धीरावर मी लिहिते आहे.

भगिनींनो, हे एका क्षयाचेच नाही. आपण बायका कितीतरी दुखणी लपवून काढतो. अंगावरून जाते ते सांगत नाही. अंग बाहेर येते ते सांगत नाही. गुडघे, पाठ, मधुमेह, थायरॉइड ही तर वयाचीच समजतो. मन उदास राहते त्याला तर दुखणेच म्हणत नाही. सरकारच्या 2019 ते 2021 च्या पाहणीत आपल्या देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांपैकी 57 बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे आपल्या मंडळाच्या बैठकीत अर्ध्याहून अधिक जणी तशा असाव्यात, आणि आपण त्याला कामाचा थकवा म्हणून सोडून देतो. सावकाश वाढणारे दुखणे आरडाओरडा करीत नाही, म्हणून घर ते ऐकत नाही. घर ऐकत नाही म्हणून डॉक्टरपर्यंत जात नाही. आणि उशिरा गेले की डॉक्टर म्हणतात आता उशीर झाला, मग लोक म्हणतात या रोगाला औषध नाही. हे चक्र कोठेतरी तोडावयास हवे.

माझी मंडळाला एक विनंती आहे. आपण दरवर्षी भजन, पाककला स्पर्धा, सहल हे करतोच. यंदापासून एवढे करावे की, ज्या भगिनीला दवाखान्यात जावयाचे आहे पण एकटीने जावयास संकोच वाटतो, तिच्याबरोबर मंडळातील एकीने जावे. पैसे नकोत, भाषण नको. फक्त बरोबर बसावे आणि बाहेर येऊन कोणास काही सांगू नये. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, मानेत किंवा काखेत गाठ असेल, अंगावर बधिर चट्टा असेल, तर वाट पाहू नये. आणि जी बाई उपचार घेत असेल तिला हळदीकुंकवाचे बोलावणे चुकवू नये. तिचे वाण सर्वांच्या वाणाबरोबर द्यावे, तिचा कप सर्वांच्या कपांत ठेवावा. पहिली सोबत म्हणून माझे नाव चिटणीसबाईंनी लिहून घ्यावे.

डॉक्टर वानलेस परक्या देशातून आले, परक्या भाषेत बोलू लागले आणि ज्यांना त्यांची माणसेही शिवत नव्हती त्यांच्या जखमा त्यांनी आपल्या हातांनी बांधल्या. आपण तर एकाच गल्लीत राहतो, एकाच नळाचे पाणी पितो. आता रस्त्याने जाताना वानलेसवाडीची पाटी दिसली की मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार करते. आपणही एकदा करावा, आणि घरी आल्यावर आपल्याच घरात कोणाचा तांब्या वेगळा ठेवलेला नाही ना, हे पाहावे.